एक इंजिन, एक विहीर, एक भटजी

“रेल्वे इंजिन, एक,” बाईंनी वाचायला सुरुवात केली. “विहीर, एक. बदके, पांढरी, दोन. बंगला, दुमजली, एक.” मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि काउंटरपलीकडून माझ्याकडे पाहिले. “पुरोहित, एक. हा कुठे आहे? पासपोर्ट तर तुम्ही चारच दिलेत.”

“गाडीत आहे,” मी म्हणालो.

“मग त्याला आत घेऊन या.”

“तो डब्यात आहे.”

बाईंनी पेन खाली ठेवले. रांगेत माझ्या मागे उभा असलेला ट्रक-ड्रायव्हर इतका वेळ भिंतीला टेकून पेंगत होता, तो सरळ उभा राहिला.

“नीट सांग ना रे,” आई मागून कुजबुजली. “घाबरतोस काय? आपण काय चोरी केली आहे?”

हे घडले नामांग्याला, केनिया आणि टांझानिया यांच्या सीमेवर, डिसेंबरातल्या एका सकाळी साडेअकराच्या सुमारास. त्याला आता सव्वीस वर्षे झाली. विनयाताईचे लग्न दुसऱ्या दिवशी अरुशात होते. नवरदेव शिरीषरावांच्या आजी अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे लग्न मुलाच्या गावी करायचे ठरले होते आणि आम्ही चौघे बाबांच्या जुन्या स्टेशन वॅगनमधून नैरोबीहून निघालो होतो. संध्याकाळी पाचला सीमांतपूजन. त्याआधी पोहोचायचे, सामान उतरवायचे आणि कार्यालयातल्या लांब टेबलावर आईचे रुखवत मांडायचे. आईच्या लेखी लग्न म्हणजे प्रामुख्याने हे शेवटचे काम होते.

रुखवत आणू नका, असे शिरीषरावांच्या आत्याने फोनवर तीनदा सांगितले होते. “इथे कोण बघणार आहे, वहिनी? उगीच तुम्हाला त्रास.” आईने फोन ठेवला आणि म्हणाली, “नको म्हणतात, म्हणजे त्यांच्याकडे कुणाला येत नसणार.” त्या दिवसापासून आठ महिने आमच्या घरात बसायला खुर्ची म्हणून उरली नाही. एका खुर्चीवर सुपाऱ्यांचे इंजिन वाळत असे, दुसरीवर काड्यापेटीच्या काड्यांची विहीर, तिसरीवर बिस्किटांच्या बंगल्याचा वरचा मजला. साबणाची दोन बदके होती, मण्यांचे तोरण होते, सप्तपदीची सात पावले होती. आणि नारळाचा भटजी होता. त्याला शेंडी होती, तारेचा चष्मा होता, जरीचे उपरणे होते आणि चेहऱ्यावर दक्षिणा कमी पडल्याचा भाव होता. तो भाव आईने मुद्दाम काढला नव्हता. तो आपोआप आला होता.

या साऱ्याची यादी केली बाबांनी. बाबा शाळेत रसायनशास्त्र शिकवत. आमच्या घरी मिठाच्या बरणीवरही चिठ्ठी असे आणि चिठ्ठीवर बरणी उघडल्याची तारीख. सीमेवर सामानाची माहिती द्यावी लागते हे कळताच त्यांनी सुवाच्य इंग्रजीत, तीन प्रतींत, प्रत्येक वस्तूची नोंद केली. मात्र त्या वस्तू कशाच्या आहेत, हे लिहिण्याचे त्यांना सुचले नाही. आमच्या घरात आठ महिने सगळेजण ‘इंजिन कुठे ठेवलं’ आणि ‘भटजींना ऊन लागतंय’ असेच बोलत होते. बाबांच्या दृष्टीने इंजिन म्हणजे इंजिन.

आता बोलायचे कोणी, हा प्रश्न होता. आईची स्वाहिली भाजीबाजारातली; तिला फक्त किंमत कमी करता येत असे. बाबांना तिने गाडीतच बजावले होते, “तुम्ही तोंड उघडायचं नाही. मागच्या खेपेला त्यांनी विचारलं, काही आक्षेपार्ह आहे का, तर तुम्ही म्हणालात, ते आक्षेप घेणाऱ्यावर अवलंबून आहे. दोन तास बसलो होतो.” आणि ताई, जी बोलती असती तर हा प्रश्नच उद्भवला नसता, तिचा घसा पूर्ण बसलेला. चार दिवस पाहुण्यांना सूचना देऊन देऊन तो असा गेला की डॉक्टरांनी लग्न लागेपर्यंत मौन सांगितले. ती एक वही घेऊन बसली होती.

उरलो मी.

मी तेवीस वर्षांचा होतो आणि तोवर माझ्या वतीने बहुतेक सगळे ताईच बोलली होती. लहानपणी दुकानात मला कोणते चॉकलेट हवे ते ती सांगे. शाळेत मी का रडतो आहे ते ती सांगे, आणि ते मला स्वतःला जितके ठाऊक असे त्याहून अधिक अचूक असे. मोठेपणीही फोन वाजला की मी तिच्याकडे पाहत असे. माझी स्वाहिली उत्तम होती. ती फक्त कोणी ऐकलेली नव्हती.

“हेरंबा,” ताईने वहीत लिहून माझ्यापुढे धरले, “बोल काहीतरी. नाहीतर सीमांतपूजन इथेच करू. सीमा आहेच.”

मी घसा साफ केला. “मामा,” मी म्हणालो. तिकडे वडीलधाऱ्या बाईला आदराने असेच म्हणतात. “पुरोहित नारळाचा आहे. इंजिन सुपाऱ्यांचं आहे. विहिरीला पाणी नाही.”

बाईंच्या छातीवरच्या पट्टीवर ‘मोलेल’ असे नाव होते. पन्नाशीच्या, रुंद बांध्याच्या, आणि नजर अशी की समोरच्याने न केलेलेही कबूल करावे. त्यांनी यादी पुन्हा वाचली.

“मी इथे एकोणीस वर्षं आहे,” त्या म्हणाल्या. “लोकांनी बकऱ्या लपवून नेल्या, साखर लपवून नेली. पण जे नाही ते आहे म्हणून लिहून देणारं कुटुंब मी आज पहिल्यांदा पाहते आहे. सगळं आत आणा. मला बघायचं आहे.”

“काय म्हणतात?” आईने विचारले.

“सगळं मांडून दाखवा म्हणतात.”

आईचा चेहरा बदलला. तिच्या आयुष्यात रुखवत मांडायला सांगणारी ही पहिलीच व्यक्ती होती. ती गाडीकडे जवळजवळ धावत गेली. पुढची वीस मिनिटे मी आणि बाबा डबे वाहत होतो आणि आई सामान-तपासणीच्या लांब टेबलाशी उभी राहून सेनापतीसारखी हुकूम सोडत होती.

“जांभळी चादर आधी. ती सुरकुती काढ. अहो, बंगला मागे, बंगला मागे, बदकं विहिरीजवळ. इंजिनाचं तोंड दाराकडे करा, ते काय भिंतीत शिरणार आहे? हेरंब, त्यांना विचार, मागे उंचीला काही मिळेल का.”

मी विचारले. मोलेलबाईंनी क्षणभर विचार केला आणि जुन्या फॉर्मांचे दोन गठ्ठे पुढे सरकवले. आईने त्यांवर सप्तपदी उभी केली.

बघता बघता खोली भरली. ट्रक-ड्रायव्हर आले, परकीय चलन बदलून देणारा मनुष्य आला, कॅमेरे लटकवलेले एक वयस्क जर्मन जोडपे आले. बाहेर गाड्यांच्या खिडक्यांशी मण्यांचे दागिने विकणाऱ्या मासाई बायकाही आत आल्या. त्यांपैकी एकीने, जी सर्वांत म्हातारी होती, मण्यांचे तोरण न विचारता उचलले आणि उलटे करून पाहिले. मग एका गाठीवर नख ठेवून ती आईकडे बघू लागली.

“बघ,” आई मला हळूच म्हणाली, “उलट बाजू बघते आहे. जाणकार आहे ही. ती गाठ मी शेजारच्या मनीषाकडून करून घेतली होती.” आणि आईने हातानेच खूण केली, की ती माझी नव्हे. म्हातारीने समजल्यासारखी मान हलवली. दोघींमध्ये कोणतीही भाषा नव्हती, पण मनीषाचे मूल्यमापन पूर्ण झाले होते.

बाबा एका कोपऱ्यात हात मागे बांधून उभे होते. एका ड्रायव्हरने त्यांना इंजिनाकडे बोट दाखवून काहीतरी विचारले. बाबांनी आईकडे पाहिले, ओठ घट्ट मिटले आणि नम्रपणे छताकडे पाहू लागले.

आता मोलेलबाई फॉर्म घेऊन टेबलाशी आल्या. त्यात एक मोठा रकाना होता, ‘वस्तूचा उपयोग’. तो भरल्याशिवाय सामान पुढे जात नसे.

“इंजिन. उपयोग?”

“काही नाही,” मी म्हणालो.

“विहीर?”

“काही नाही.”

“बंगला खातात का?”

“बिस्किटांचा आहे, पण डिंक लावला आहे.”

“म्हणजे खात नाहीत.” त्यांनी पेनाचे टोक फॉर्मवर टेकवले. “ऐक, मुला. विक्रीचा माल असेल तर परवाना लागेल, तो नैरोबीहून आणावा लागेल. घरगुती सामान असेल तर उपयोग सांगावा लागेल. दोन्ही नसेल तर मला हे सारं इथे ठेवून घ्यावं लागेल आणि तुम्ही परत जाऊन पत्र आणायचं. दोन दिवस लागतील.”

“लग्न उद्या आहे,” मी म्हणालो.

“मग सांग.”

खिडकीबाहेर डोंगर होता आणि डोंगरावर एक ढग बसलेला. त्या ढगाकडे पाहताना माझ्या मनात जे आले ते मी पुढे कित्येक वर्षे कोणाला सांगितले नाही. मला वाटले, मी काहीच बोललो नाही तर? गप्प राहणे ही माझी सवयच होती. कोणाला संशयही आला नसता. गाडी मागे वळली असती. तीच पिवळी मैदाने, तेच रस्त्याकाठचे जिराफ, आणि संध्याकाळी ताई पुन्हा आमच्या घरातल्या तिच्या खोलीत. दोन दिवस. मला दोन दिवसही पुरले असते. मी ओठ मिटून उभा राहिलो आणि किती वेळ उभा होतो, हे मला आजही ठाऊक नाही.

ताईने वही पुढे केली नाही. ती माझ्याकडे पाहत होती, आणि मला वाटते तिला कळले होते. तिला नेहमीच कळत असे. तिने फक्त भुवई उंचावली, लहानपणी दुकानात करायची तशी. की सांग, कोणते हवे?

“मामा,” मी म्हणालो, “आईने हे आठ महिने केलं. रोज संध्याकाळी. सुईत दोरा ओवता येत नाही म्हणायची, दिसत नाही म्हणायची, आणि मग ताईला समोर बसवून ठेवायची. आईला दिसतं. तांदळातला खडा तिला अजून लांबून दिसतो. पण रोज संध्याकाळी ताई दोरा ओवायला समोर बसायची. हाच याचा उपयोग. तो झाला आहे. आता हे नुसतं न्यायचं आहे.”

मी इतके सलग कधीच बोललो नव्हतो. ड्रायव्हरने टोपी काढली, बहुधा उकाड्यामुळे.

“काय सांगितलंस एवढं लांबलचक?” आईने विचारले.

“तू सगळं हाताने केलंस, असं सांगितलं.”

“आणि ती गाठ मनीषाची, तेही सांग.”

मोलेलबाईंनी आईकडे पाहिले, मग ताईकडे. त्या वाकल्या आणि ‘उपयोग’ या रकान्यात त्यांनी वरपासून खालपर्यंत, इंजिनापुढे, विहिरीपुढे, दोन्ही बदकांपुढे, एकच गोष्ट लिहिली: ‘घरगुती वापर’. मग भटजीपाशी त्यांचे पेन थांबले.

“हा नाही जाणार.”

“का?” मी विचारले. एकदा बोलायला लागल्यावर थांबणे मला जमत नव्हते.

“हा नारळ अख्खा आहे. अख्खा नारळ म्हणजे बी. बी परवान्याशिवाय सीमेपलीकडे जात नाही. मातीत पुरला तर रुजेल.”

“हा रुजणार नाही. हा भटजी आहे. आठ महिन्यांचा आहे.”

तेवढ्यात बाबांच्याने राहवले नाही. “त्यांचं बरोबर आहे,” ते इंग्रजीत म्हणाले. “शेंडीखाली तीन डोळे असतात. शेंडी ठेवली की त्यांतला एक जिवंत राहतो. नियम शास्त्रीय आहे.”

“झालं,” आई म्हणाली. “आता दाखवा त्यांना शेंडी काढून.”

“फोडलेला नारळ चालेल,” मोलेलबाई म्हणाल्या. “ते खाद्य. फोडा आणि घेऊन जा.”

मी हे आईला सांगितले. आई भटजीकडे पाहत राहिली. ताईच्या वहीचे पान खसकन उलटले: ‘ब्रह्महत्या. आणि तीही लग्नाच्या आदल्या दिवशी.’ खाली आणखी एक ओळ: ‘हेरंब करेल. त्याचं लग्न ठरलेलं नाही.’

“शुभकार्याला निघताना नारळ फोडतातच,” बाबा म्हणाले.

“पण त्याला चष्मा घालून नाही फोडत,” आई म्हणाली. मग तिने पुढे होऊन भटजीचा चष्मा काढला, मिटला, कमरेच्या पिशवीत ठेवला. उपरणे काढले, त्याची घडी केली. सगळे इतक्या हळुवारपणे चालले होते की जर्मन गृहस्थाने कॅमेरा खाली घेतला.

मी भटजींना घेऊन बाहेर गेलो आणि पायरीच्या काठावर आपटले. पहिल्या खेपेला काही झाले नाही. दक्षिणेचा भाव तसाच राहिला. दुसऱ्या खेपेला तडा गेला. तिसऱ्या खेपेला पाणी उडाले आणि ताईच्या लग्नासाठी इस्त्री केलेल्या माझ्या शर्टावर आले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. आईने आतून गूळ आणला आणि खोबऱ्याचे तुकडे करून वाटायला सुरुवात केली. तपासणी करणाऱ्यांना, ड्रायव्हरांना, मण्यांच्या म्हातारीला, सर्वांना, उजव्या हातावर. जर्मन बाईने दोनदा घेतले. ताईने शेंडीचा भाग ओढणीत गुंडाळून घेतला. का, ते तिने लिहिले नाही.

खोबरे चघळतच मोलेलबाई पासपोर्टांकडे वळल्या.

“वडील. किती दिवस राहणार?”

“चार,” मी म्हणालो.

शिक्का बसला.

“आई?”

“चार.”

शिक्का बसला.

“ही?” त्यांनी ताईचा पासपोर्ट उघडला. “किती दिवस?”

ताईने पेन उचलले. ते तसेच हवेत थांबले. बाबा पुन्हा छताकडे पाहू लागले आणि आईला अचानक जांभळ्या चादरीची घडी घालायची होती.

“ही परत येणार नाही,” मी म्हणालो. “ही इथेच राहणार आहे.”

हे वाक्य आमच्या घरात आठ महिने कोणीही उच्चारले नव्हते. आम्ही इंजिनाबद्दल बोललो होतो, विहिरीबद्दल बोललो होतो. मी ते परक्या भाषेत, परक्या बाईला, तोंडात खोबरे असताना सांगितले, आणि सांगितल्यावर मला दिसेनासे झाले.

मोलेलबाईंनी शिक्का उचलून ठेवला. “मुला,” त्या म्हणाल्या, “अरुशा इथून शंभर किलोमीटर आहे. रोज बस जाते. तिच्यात कोंबड्यासुद्धा बसतात.”

“हो, मामा.”

“मग रडतोस कशाला?”

“ठाऊक नाही.”

त्यांनी ताईचा शिक्का मारला. माझा पासपोर्ट हातात घेतला, माझ्या फोटोकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“आणि तू? किती दिवस?”

“चार.”

“चार,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग त्यांनी शिक्क्यावरचा आकडा अंगठ्याने फिरवला, खूप वेळ फिरवला, आणि पानावर दाबला. मी पाहिले तर तिथे तीन महिने होते.

“मामा, चूक झाली आहे.”

“एकोणीस वर्षांत माझ्या शिक्क्याची चूक झालेली नाही,” त्या म्हणाल्या. “पुढचा.”

आई आणि बाबा पाचव्या दिवशी सकाळी नैरोबीला परतले. मी अरुशातच राहिलो. ताई आणि शिरीषरावांच्या नव्या घरात, पुढच्या खोलीतल्या सोफ्यावर, मी सव्वीस दिवस काढले. सत्ताविसाव्या दिवशी चहाच्या वेळी शिरीषराव माझ्या शेजारी येऊन बसले, बराच वेळ कपातली साखर ढवळत राहिले, आणि अतिशय आदराने त्यांनी मला विचारले की नैरोबीत माझी नोकरी अजून आहे का.

“ठाऊक नाही,” मी म्हणालो.

“विचारून बघायचं का?” ते म्हणाले, आणि त्यांनी फोन माझ्यासमोर ठेवला.

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले. ताई तिथे उभी होती, हाताला कणीक लागलेली. तिने तोंड उघडले नाही. मग मीच नंबर फिरवला.